शून्य रुपये, अधिक डिलिव्हरी

परत पाठवायच्या पार्सलचं लेबल छापून घ्यायला आलेलं माणूस आधी दुकानात आणखी कोण आहे ते बघून घेतं. सातबारा, आधार, दहावीची मार्कलिस्ट काढायला आलेलं असं बघत नाही. सांगलीत मारुती रोडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, आणि अलीकडे कुरिअरचं बुकिंग. त्यामुळे कुणी काय मागवलं, काय आलं आणि काय परत चाललंय, ह्याची बित्तंबातमी मला न विचारता मिळते. साडीचा रंग गेला, चप्पल आखूड आली, हे लोक मोठ्याने सांगतात, विकणाऱ्याचा उद्धार करतात. पण वस्तू 'फ्री' म्हणून मागवलेली असली की आवाज एकदम खाली येतो. "जाऊ द्या, दोनशेच रुपये गेलं," म्हणून विषय मिटवला जातो. पाच हजाराला बुडालेला माणूस चिडतो, दोनशेला बुडालेला लाजतो. आणि तो दोनशेचा आकडा विकणाऱ्याने ह्या लाजेचा अंदाज घेऊनच ठरवलेला असतो, असं माझं मत होत चाललंय.

दिवाळीच्या तोंडावर बुधगावच्या एक काकू पासबुकाची झेरॉक्स काढायला आल्या होत्या. कागद हातात पडल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. "दादा, एवढं जरा करून द्या की. चांदीचं नाणं फुकट देत्यात. माजा अंगठा नीट लागंना."

पडद्यावर वर लक्ष्मी, खाली नाण्याचा फोटो. तो इतका जवळून काढलेला की नाणं ताटलीएवढं वाटावं. १,४९९ वर काट मारलेली, शेजारी ठसठशीत हिरवं ₹०. त्याखाली लाल घड्याळ उलटं पळत होतं, ०७:४२, ०७:४१. आणि दर थोड्या वेळाने तळातून एक चौकट वर यायची. मिरजेतल्या कुणा ताईंनी आत्ताच ऑर्डर दिली, तासगावच्या कुणा दादांनी दोन मागवली. मोबाइल कुठल्या भागातून इंटरनेट वापरतोय ह्याचा अंदाज अशा पानाला येतो, त्यावरून आसपासच्या गावांची नावं भरता येतात. काकूंना मात्र तेवढ्यानेच धीर आला होता. मिरजेपर्यंत पोचलंय म्हणजे खरंच असणार.

मी पुढे गेलो. पहिल्या पानावर नाव आणि मोबाइल. दुसऱ्यावर पत्ता, गल्ली, खुणेची जागा, पिन कोड. तिसऱ्यावर फुलबाज्या उडाल्या आणि अभिनंदन झालं, तुमच्या गावात डिलिव्हरी मिळते. चौथ्या पानावर डिलिव्हरीचे ₹१४९ उगवले. पाचव्यावर 'सुरक्षित पॅकिंग' म्हणून आणखी ₹३९. त्याच पानावर बारीक अक्षरात कसल्याशा क्लबची मेंबरशिप होती, पहिला महिना फ्री, पुढे महिना ₹९९, आणि तिच्यापुढच्या चौकटीत टिक आधीच करून ठेवलेली. ती काढायला गेलो तर दोन बटणं आली. हिरवं म्हणत होतं, 'हो, मला बचत करायची आहे.' राखाडी म्हणत होतं, 'नको, मला जास्त पैसे भरायला आवडतात.'

"काकू, थांबा जरा," म्हटलं, "एक गंमत बघा." पान बंद केलं आणि जाहिरातीतून परत उघडलं. घड्याळ पुन्हा १०:०० पासून सुरू. काकूंनी ते नीट बघितलं, मला आणखी एकदा करायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हंजे ह्याची धा मिन्टं कवाच संपत न्हाईत व्हय?"

नाण्याचं वजन कुठे दिलंय का ते मी शोधत होतो. वजन सापडलं नाही. अगदी तळाशी, अटी आणि शर्तींच्याही खाली, 'चांदीचा मुलामा' एवढे दोन शब्द होते.

काकू गेल्या, पण ते पान माझ्या डोक्यातून जाईना. घड्याळ आणि मिरजेच्या त्या ताई सोडल्या तर त्यात धडधडीत खोटं असं एक वाक्य मला दाखवता आलं नसतं. नाण्याला खरंच शून्य रुपये लावले होते. डिलिव्हरीचे पैसे लिहिले होते, पॅकिंगचे लिहिले होते, मुलामा लिहिला होता, महिन्याचे ९९ सुद्धा लिहिले होते. सगळी लबाडी होती ती काय कधी सांगायचं ह्यात. १४९ रुपये पहिल्याच पानावर दिसते तर काकूंनी मोबाइल पदरात गुंडाळला असता. ते दिसले तेव्हा त्यांनी नाव, पत्ता, खुणेचं देऊळ, सगळं लिहून दिलं होतं, अभिनंदन स्वीकारलं होतं आणि मनातल्या मनात नाणं देव्हाऱ्यात ठेवलंही होतं. आता १४९ रुपये नाण्यासाठी द्यायचे नव्हतेच, मिळालेलं नाणं हातचं जाऊ नये म्हणून द्यायचे होते. ह्या दोन देण्यांत फार फरक आहे आणि दुकानदारी करणाऱ्याला तो बरोबर कळतो.

फुकट द्यायची रीत काही आमच्या गावाला नवी नाही. भडंगच्या दुकानात गेलात तर आधी हातावर मूठभर भडंग पडतं. आवडलं तर पाव किलो बांधून घ्या, नाही तर हात झटका आणि चालू लागा, कुणी नाव विचारत नाही. मंडईत भाजी तोलून झाली, पैसे ठरले, की वर चार काड्या कोथिंबीर आणि कढीलिंबाची डहाळी पिशवीत पडते. एक सौद्याच्या आधी, एक सौदा झाल्यावर. मधल्या वेळात, म्हणजे भाव ठरताना, ते फुकटचं कुठे आडवं येत नाही. आणि देणारा उद्या त्याच जागेवर बसलेला असतो, हे तर आहेच.

अर्थात बाजाराचं फार कौतुक करायला मी बसलेलो नाही. बेदाण्याच्या सौद्यात बघून, चाखून, हाताळून जो माल खाली सांडतो, त्याची तूट शेतकऱ्याच्याच पदरी पडते, आणि ह्या उधळणीवरून शेतकऱ्यांनी वेळोवेळी आरडाओरडा केलेला आहे. फुकटाची पावती कुणाच्या तरी नावावर फाटतेच.

आणि सेल! माझ्या लहानपणी कुठल्यातरी मंगल कार्यालयात साड्यांचा महासेल लागायचा आणि रिक्षा कर्णा लावून गल्लोगल्ली फिरायची. फॅक्टरी बंद पडल्यामुळे, एकावर दोन साड्या, आज शेवटचा दिवस, फक्त आजचा दिवस. चार दिवसांनी तीच रिक्षा, तोच आवाज, तोच शेवटचा दिवस. आई जायची. जाऊन पदर उलटा करून बघायची, बोट ओलं करून काठाचा कोपरा चोळायची, रंग बोटाला लागला की साडी तशीच ढिगावर टाकायची आणि विकणाऱ्याला चार शब्द सुनवायची. तोही सुनवायचा. फसवाफसवी तेव्हाही भरपूर होती, पण हुज्जत घालायला समोर माणूस होता आणि बोट ओलं करायला साडी होती. पडद्यावर चोळायला काहीच नाही.

माणूस शून्याला का भुलतो ह्यावर डॅन अॅरिएली ह्या वर्तन-अर्थशास्त्रज्ञाचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग आहे, २००७ साली छापून आलेला. लोकांपुढे दोन चॉकलेटं ठेवली, एक भारीतलं १५ सेंटला, एक साधं १ सेंटला. ७३ टक्के लोकांनी भारीतलं घेतलं. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली, १४ आणि ०. फरक तेवढाच राहिला, पण आता ६९ टक्के लोक साध्याकडे वळले. (अॅरिएलींचा सहभाग असलेला दुसरा एक शोधनिबंध आकड्यांच्या घोळामुळे २०२१ मध्ये मागे घेतला गेला. त्याचा ह्या प्रयोगाशी संबंध नाही, पण सांगितलेलं बरं.) मला ह्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पैसे द्यायचे असले की माणूस दोन वस्तूंची तुलना करतो. शून्य दिसलं की तुलना बंद. बुडायला काही नाहीच म्हटल्यावर तोलायचं कशाला?

काट मारलेल्या १,४९९ चं काम हे शून्य आणखी मोठं दिसावं एवढ्याचसाठी असतं. आपल्याकडे पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापायची सक्ती १९९० पासूनची. दुकानदाराने छापील भावावर 'टॅक्स वेगळा' म्हणून आणखी काही उकळू नये म्हणून ती आली. ती वरची मर्यादा आहे, ह्याच्या पुढे जायचं नाही एवढंच ती सांगते. आता गंमत अशी की मर्यादा बांधणाराही माल काढणाराच. त्याने ती आभाळात बांधली आणि मग तिथून खाली उतरून ऐंशी टक्के सूट दिली, तर हिशेबात चूक काढता येत नाही. हळदीच्या सौद्यात क्विंटलला दर पुकारतात, तो त्या दिवशी त्या ढिगाचा दर असतो. मुळात एवढा होता, आता एवढा केलाय, असं तिथे कुणी पुकारलं तर मार्केट यार्डातले हमालसुद्धा हसतील.

कायद्याला हे कळत नाही असं मात्र नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत 'फ्री'साठी वेगळं कलम आहे. जाहिरातीला प्रतिसाद द्यायचा टाळताच न येणारा खर्च, आणि वस्तू आणायचा किंवा घरपोच मागवायचा खर्च, ह्यांपलीकडे ग्राहकाला काहीही भरावं लागत असेल तर त्याला फ्री म्हणायचं नाही. पॅकिंगचे, हाताळणीचे पैसे लावले तरी फ्री म्हणायचं नाही. म्हणजे काकूंच्या पानावरचे ३९ रुपये सरळसरळ नियमाबाहेरचे. १४९ चं काय? त्याला डिलिव्हरी म्हटलं की ते दारातून आत येतात. मी कुरिअर बुक करतो, एवढ्याशा पाकिटाला काय लागतं ते मला ठाऊक आहे, त्याच्या दुपटीहून जास्त पैसे ह्या असल्या डिलिव्हरीत असतात. नाण्याची किंमत, नफा, जाहिरातीचा खर्च, सगळं त्या एका शब्दाच्या पोटात भरलेलं.

त्यानंतर ३० नोव्हेंबर २०२३ ला ह्याच प्राधिकरणाने पडद्यावरच्या चलाख्यांची यादीच काढली, एकूण १३. खोटी घाई, टोपलीत गुपचूप घातलेली वस्तू, नाही म्हणणाऱ्याला लाजवणारं बटण, थेंबाथेंबाने वाढणारी किंमत, वर्गणीचा सापळा. ती यादी वाचताना मला काकूंचं पान जसंच्या तसं समोर दिसत होतं, आणि त्यातली बरीच कलमं शेवटी एकाच तक्रारीवर येतात असं वाटलं, की आधी सांगायचं ते मागाहून सांगितलं. जून २०२५ मध्ये सगळ्या ऑनलाइन विक्रेत्यांना आपापली पानं स्वतःच तपासून घ्यायला सांगण्यात आलं. चोराच्या हाती किल्ल्या, असं कुणी म्हणेल. मी म्हणत नाही, मोठी नावं तरी त्याने थोडी वचकतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. पण काकूंचं ते पान दिवाळीनंतर उघडलंच नाही. दुकानच उठून गेलं होतं, दंड लावायचा कुणाला?

कॉलेजच्या पोरांचं दुखणं निराळं. त्यांना नाणं नको असतं, सात दिवस फुकट अॅप हवं असतं. 'फक्त १ रुपया भरून खातं पक्कं करा.' रुपयाच तो, म्हणून पोरगं यूपीआयचा पिन टाकतं. पिन टाकायच्या पडद्यावर नीट बघितलं तर त्या रुपयाखाली राखाडी अक्षरांत दरमहा अमुक रकमेपर्यंत ऑटोपे असं लिहिलेलं असतं. पिन पडतो तो त्या ऑटोपेला, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायच्या परवानगीला. ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, आणि सूचना येतेही. ती त्या दिवसाच्या लोन, लॉटरी, रिचार्जच्या मेसेजांत जाऊन बसते. माझ्याकडे प्रोजेक्टच्या प्रिंटा काढायला येणाऱ्या पोरांना मी यूपीआय अॅपमधली ऑटोपेची यादी उघडायला लावतो. "काका, हे कधी केलं मी?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता प्रिंट निघेपर्यंतचा वेळ बरा जातो.

आणि त्या भरून दिलेल्या नाव-पत्त्याचं काय होतं? पैसे न भरता माणूस परत फिरलं तरी ते मागे राहतं. शेवटचं बटण दाबायच्या आधीच टाइप केलेलं पुढे पाठवून देणारी पानं असतात. मग फोन सुरू होतात, लकी ड्रॉची पत्रं येतात, स्क्रॅच कार्डात गाडी निघते आणि तिच्या रजिस्ट्रेशनचे पैसे आधी भरायचे असतात. कधी कुणीच न मागवलेलं पार्सल दारात येतं, ₹५९९ कॅश ऑन डिलिव्हरी, वर नाव सुनेचं अगदी बरोबर. घरात म्हातारा एकटा. सुनेने मागवलं असेल म्हणून तो डब्यातले पैसे काढून देतो. डिलिव्हरीच्या पोराला शिव्या घालून उपयोग नाही, त्याला आत काय आहे ते आपल्याइतकंच ठाऊक. घरातल्याला फोन लावल्याशिवाय पैसे देऊ नका, एवढंच म्हाताऱ्यांना सांगून ठेवायचं. खात्यातून पैसेच उडाले असतील तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, तास दोन तास विचार करत बसायचं नाही.

खरोखरचं फुकट मी एकदा पोटभर खाल्लंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, माझं दुकान बुडालं, मशीन गाळात गेलं. त्या दिवसांत कुठून कुठून भाकऱ्यांची गाठोडी येत होती, आणि कुणी मोबाइल नंबर विचारला नाही की ओटीपी मागितला नाही. तरी मदतीच्या काही पुड्यांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवलेले निघालेच, आणि त्यावरून पेपरात बोंबाबोंब झाली. म्हणजे जाहिरात तिथेही पोचली होती. पण भाकरी आधी मिळाली आणि फोटो मागाहून दिसला, एवढं तरी त्यांच्या बाजूने म्हणायला पाहिजे.

लाजेचं मी सुरुवातीला म्हणालो. त्याला एक अपवाद माझ्या बघण्यात आहे, तासगावकडचे एक निवृत्त गणिताचे गुरुजी. त्यांनी रक्तातली साखर मोजायचं मशीन मागवलं होतं, मशीन फ्री, डिलिव्हरी फक्त ₹३४९. मशीन आलं, सोबत दहा पट्ट्यांची डबी. ह्या धंद्यातली कमाई पट्ट्यांची असते, बहुतेक मशीनांना त्यांच्याच पट्ट्या चालतात, हे गुरुजींना माहीत होतं आणि मान्यही होतं. त्यांनी भिंग लावून डबीवरची मुदत वाचली, ती संपून गेलेली होती. परत न्यायला कुणी येईना, तेव्हा माझ्याकडून स्वखर्चाने कुरिअर केलं. पंधरवड्याने मेसेज आला. 'आपला रिफंड यशस्वीरीत्या जमा झाला आहे. रक्कम ₹०.००.' वस्तूची किंमत शून्य होती, ती परत केली. डिलिव्हरी झालेली होती, तिचे पैसे परत मिळत नसतात.

गुरुजी मोबाइल घेऊन दुकानात आले ते भर गर्दीत, आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "उत्तर बरोबर आहे हो," म्हणाले, "उदाहरणच खोटं घातलंय." १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर त्यांनी तक्रार आधीच केली होती. ती हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते, निकाल देत नाही, आणि कंपनीने रिफंड दिल्याचं कळवून टाकलं होतं. तेव्हा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, कंपनी कुठे का असेना. पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याला फीही नाही. आम्ही ई-जागृतीवर, म्हणजे ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर, तक्रार भरायला बसलो. मी टाइप केलं, 'कंपनीने मोफत दिलेले मशीन सदोष निघाले.'

"खोडा ते," गुरुजी म्हणाले. "मोफत म्हटलं की आपण संपलो. कायदा नीट वाचा, मोबदला देऊन वस्तू घेतो तो ग्राहक. फुकट घेणाऱ्याला तक्रारीचा हक्कच कुठाय? कंपनीचा वकील पहिलं हेच म्हणणार."

मी खोडलं. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, 'तक्रारदाराने सदर मशीन रु. ३४९ इतक्या किमतीस विकत घेतले.' खाली पुराव्यांत पावती, पट्ट्यांच्या डबीचा फोटो, कुरिअरची पोच आणि शून्य रुपयांचा तो मेसेज जोडला.